जेवणाच्या सुट्टीतल्या दहा फेऱ्या

पहाटे साडेपाचला यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर किंवा पोस्टल ग्राउंडवर एकदा चक्कर मारा. अजून नीट उजाडलेलंही नसतं आणि पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुली राउंड मारत असतात. कोणी घाटंजीकडचा, कोणी आर्णीचा, कोणी बाभूळगावहून येऊन शहरात खोली करून राहिलेला. दिवसा काम किंवा अभ्यासिका, पहाटे ग्राउंड. पुढच्या आयुष्याचा बराचसा भार त्या चार फेऱ्यांवर असतो.

ही मुलं माझ्या ओपीडीत येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. "डॉक्टरसाहेब, दम वाढवाले काही टॉनिक द्या नं." सराव कसा करतोस असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. रोज सकाळी मोबाइलवर वेळ लावायची आणि १६०० मीटर जीव तोडून पळायचं. पहिला महिनाभर टायमिंग झपाट्याने सुधारतं. मग ते एका आकड्यावर अडकतं. मुलगा आणखी जोर लावतो. मग नडग्या दुखायला लागतात, झोप उडते, भूक मरते आणि टायमिंग उलट वाढतं.

दम वाढवायचं औषध आहे, पण ते मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. त्याचं नाव विसावा. पळून झाल्यावर घरी जाऊन घ्यायचा विसावा तर हवाच, पण मी म्हणतोय तो पळण्याच्या मधोमध, घड्याळ लावून घ्यायचा. यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. इंटरव्हल म्हणजे मधला वेळ, सिनेमातलं मध्यंतर असतं तसाच. गंमत बघा, या पद्धतीचं नावच मुळी धावण्यावरून पडलेलं नाही, थांबण्यावरून पडलं आहे. ही साधी गोष्ट माणसाला कळायला बराच काळ लागला. आज तो इतिहास सांगतो, कारण त्यातला एक मुख्य माणूस वैद्यकीय विद्यार्थी होता आणि त्याच्यापुढेही चारच फेऱ्यांचा प्रश्न होता.

लंडनमधली एक दुपार

लंडनमध्ये पॅडिंग्टन भागात सेंट मेरीज हॉस्पिटल आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो इथेच. त्याच हॉस्पिटलात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर बॅनिस्टर नावाचा तरुण डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. वॉर्ड, लेक्चर, परीक्षा यांतून सरावाला उरायची ती दुपारची जेवणाची सुट्टी. तेवढ्या वेळात तो जवळच्या पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंडवर जायचा, पळायचा आणि परत कामावर हजर व्हायचा.

त्याला एक मैल चार मिनिटांच्या आत पळायचा होता. तोपर्यंत ते कोणालाच जमलेलं नव्हतं. स्वीडनच्या गुंडर हेग याचा ४ मिनिटे १.४ सेकंदांचा विक्रम १९४५ पासून तसाच होता. एक मैल म्हणजे १६०९ मीटर. म्हणजे आपल्या भरतीच्या १६०० मीटरपेक्षा फक्त नऊ मीटर जास्त, आणि ट्रॅकवर त्याच चार फेऱ्या.

रोज दुपारी मैलभर जीव तोडून पळणं, हा मार्ग बॅनिस्टरने धरला नाही. १९५३ च्या हिवाळ्यात ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या दोन मित्रांबरोबर, फ्रान्झ स्टॅम्फल या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाच्या सल्ल्याने त्याचा जो सराव सुरू झाला, त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो. ४४० यार्डांची, म्हणजे साधारण ४०० मीटरची एक फेरी ठरलेल्या वेळेत मारायची. मग दोन मिनिटं विसावा. मग पुन्हा फेरी. अशा दहा फेऱ्या. डिसेंबरमध्ये एका फेरीला ६६ सेकंद लागत होते. हळूहळू वेळ कमी करत आणायची. बस्स, एवढंच. ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत बसत होती, हे विशेष.

कल्पना आली कुठून?

बॅनिस्टरने ही पद्धत स्वतः शोधलेली नव्हती. तिचा माग काढायला आणखी मागे जावं लागतं.

१९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक झालं. तिथे आपली एक ओळखीची खूण सापडते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती बघून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि भारताचा एक लहानसा चमू अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षा थोडी लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. आज शंभराहून अधिक वर्षांनीही ही वेळ हौशी धावपटूंना सहज गाठता येत नाही.

त्याच अँटवर्पमध्ये फिनलंडच्या पावो नुर्मीने पहिली सुवर्णपदकं जिंकली. फिनलंडमध्ये लाउरी पिहकला नावाचे क्रीडाशिक्षक होते. लांबच लांब एका संथ वेगाने पळण्यापेक्षा अंतराचे तुकडे करा, वेगाने पळा, मध्ये सावकाश जा, पुन्हा वेगाने पळा, असं ते सांगत. नुर्मी तर हातात घड्याळ घेऊन पळण्यासाठी प्रसिद्ध झाला. पुढे १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी हीच गोष्ट जंगलातल्या पायवाटांवर नेली आणि तिला फार्टलेक, म्हणजे 'वेगाचा खेळ', असं नाव दिलं. वाटेतल्या त्या झाडापर्यंत जोरात, मग पुढच्या वळणापर्यंत सावकाश. घड्याळ नाही, शिट्टी नाही.

हृदयरोगतज्ज्ञाने मैदानात पाऊल टाकलं

या अनुभवाच्या गोष्टीला मोजमाप दिलं ते जर्मनीतल्या दोघांनी. वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांची रीत साधारण अशी होती. १०० किंवा २०० मीटरचा एक तुकडा असा पळायचा की नाडी मिनिटाला १८० च्या आसपास जावी. मग थांबायचं किंवा चालायचं आणि नाडी १२० पर्यंत उतरू द्यायची. ती दीड मिनिटाच्या आत उतरली तर पुढचा तुकडा. नाही उतरली तर समजायचं की पळणं जास्त झालं, वेग कमी करा किंवा अंतर कमी करा.

यातली खरी मेख लक्षात घ्या. पुढची धाव कधी सुरू करायची हे प्रशिक्षकाच्या आवाजावर किंवा मुलाच्या जिद्दीवर अवलंबून नव्हतं, त्याच्या नाडीवर अवलंबून होतं. हृदयाची ताकद वाढते ती मुख्यतः या विसाव्याच्या काळात, असं या दोघांचं म्हणणं होतं. त्यांचं स्पष्टीकरण पुढच्या संशोधनात जसंच्या तसं टिकलं नाही. पण नाडी उतरल्याशिवाय पुढची फेरी नाही हा नियम मात्र आजही सोन्यासारखा आहे.

गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केलं. आधीचा विक्रम त्याने जवळपास दोन सेकंदांनी मोडला होता आणि त्याचा स्वतःचा विक्रम १६ वर्षं टिकला.

हाच हार्बिग १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून रिलेत कांस्यपदक जिंकला होता. आणि त्याच ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये आपल्या शेजारची मंडळी होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. त्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेलं आणि त्याने तिथे कबड्डीसह आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले.

कबड्डी आणि खो-खो डॉक्टरच्या नजरेने बघा. चढाई म्हणजे काही सेकंदांचा सगळा जोर, मग मागे येऊन श्वास घेणं, मग पुन्हा चढाई. खो-खोत तुकडीतले खेळाडू आळीपाळीने पळतात. एकाची पळापळ चालू असते तेव्हा बाकीचे दम खात असतात. जोर आणि विसावा यांची ही लय आपल्या मातीतल्या खेळांत होतीच. शाळेत खो-खो खेळलेली मुलगी ८०० मीटरच्या तयारीला आली की तिचा दम इतरांपेक्षा बरा निघतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फरक इतकाच की युरोपातल्या त्या मंडळींनी नाडी आणि घड्याळ लावून ही लय कागदावर मांडली.

हेलसिंकी १९५२: विसावा न मिळालेले दोघं

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा सैनिक या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रचारक ठरला. ४०० मीटरचे वीस-वीस, कधी चाळीस तुकडे तो एका सरावात पळायचा आणि प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये सावकाश जॉगिंग करायचा. लोक त्याला वेडा म्हणत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं एकाच वेळी जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता.

हेलसिंकी म्हटलं की मराठी माणसाला आधी खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने तिथे कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद ममादबेयोव्हविरुद्ध मॅटवर बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला त्यांच्या बाजूने कोणी अधिकारी हजर नव्हता. ती कुस्ती ते हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममादबेयोव्हला रौप्य.

त्याच हेलसिंकीत रॉजर बॅनिस्टरही होता. १५०० मीटरसाठी त्याने दोन शर्यतींची तयारी केली होती. ऐन वेळी उपांत्य फेरी वाढवली गेली आणि तीन दिवसांत तीन शर्यती पळाव्या लागल्या. मध्ये विसाव्याचा एकही दिवस नाही. अंतिम शर्यतीत तो चौथा आला, पदक हुकलं. तो धावणं सोडण्याच्या बेतात होता. सोडलं नाही, म्हणून पॅडिंग्टनच्या त्या दहा फेऱ्यांची गोष्ट घडली.

एकसष्ट सेकंदांची भिंत

१९५४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिघा मित्रांचा वेळ हळूहळू उतरत गेला. एप्रिलपर्यंत दहा फेऱ्या प्रत्येकी ६१ सेकंदांत होऊ लागल्या. चार मिनिटांत मैल पळायचा तर फेरीला ६० सेकंद हवेत. आणि ते एक सेकंद काही केल्या निघेना. कितीही जोर लावला तरी आकडा तिथेच.

आपली भरतीची मुलं नेमकी याच ठिकाणी अडकतात. फरक पुढच्या पावलात आहे. बॅनिस्टर आणि ब्रॅशर यांनी सराव वाढवला नाही. ते गाडीत बसून रातोरात स्कॉटलंडला गेले आणि काही दिवस डोंगर चढले. धावणं पूर्ण बंद. परत आल्यावर थोडे दिवस अंग मोकळं केलं आणि पुन्हा दहा फेऱ्या मारून बघितल्या. वेळ आला ५९ सेकंद.

महिन्यांच्या सरावाने शरीरात जे बदल होत होते, त्यांना पुरं व्हायला वेळच मिळत नव्हता. तो त्या मोकळ्या दिवसांनी दिला. याला आज आम्ही रिकव्हरी म्हणतो. व्यायाम करताना शरीर मजबूत होत नाही, ते थकतं आणि त्याची थोडी झीज होते. मजबूत होतं ते नंतर, झोपेत आणि विश्रांतीत.

६ मे १९५४ च्या सकाळी बॅनिस्टर नेहमीसारखा हॉस्पिटलात गेला, मग रेल्वेने ऑक्सफर्डला पोहोचला. संध्याकाळी इफ्ली रोडच्या ट्रॅकवर वारा होता. आधी ब्रॅशर पुढे धावून वेग धरत होता, मग चॅटवे पुढे आला आणि शेवटच्या अर्ध्याअधिक फेरीत बॅनिस्टर एकटा पुढे निघाला. वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने ४६ दिवसांनी हाही विक्रम मोडला. पण अशक्य मानलेली गोष्ट एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मित्रांच्या मदतीने, जेवणाच्या सुट्टीतल्या सरावावर करून दाखवली होती. पुढे तो मज्जासंस्थेच्या विकारांचा नामवंत तज्ज्ञ झाला.

मित्रांची सोबत ही या पद्धतीतली दुसरी महत्त्वाची गोष्ट. दहापैकी सातवी फेरी एकट्याने मारायला फार जड जाते. सोबतीला दोघं असले की एक वेग धरतो, दुसरा वेळ सांगतो आणि कोणाची तब्येत बिघडली तर तिसऱ्याच्या लक्षात येतं. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

शरीरात नेमकं काय होतं?

१९२० च्या दशकात इंग्लंडचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी धावणाऱ्या माणसांचा श्वास मोजला आणि 'ऑक्सिजनचं कर्ज' ही कल्पना मांडली. जोरात पळताना स्नायूंना हवा तेवढा ऑक्सिजन लगेच पोहोचत नाही. शरीर उसनवारीवर काम भागवतं आणि थांबल्यावर धापा टाकत ती उसनवारी फेडतं. आज हा हिशेब अधिक बारकाईने समजला आहे, पण मनात ठेवायला हे चित्र चांगलं आहे. फेडत फेडत उचललं तर व्यवहार लांबवर चालतो. एकदम सगळं उचललं तर लगेच बुडतो.

१९६० मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी हे ट्रेडमिलवर दाखवून दिलं. ताशी २० किलोमीटर वेगाने सलग पळणारा माणूस साधारण चार मिनिटांत पार थकला. त्याच माणसाला त्याच वेगाने १० सेकंद पळवलं आणि ५ सेकंद थांबवलं, पुन्हा १० आणि ५. असं करत तो अर्धा तास टिकला. त्यात प्रत्यक्ष धावण्याची मिनिटं भरली २०. वेग तोच, माणूस तोच, धावणं पाचपट.

म्हणजेच विसाव्यामुळे जास्त वेळ वेगात राहता येतं. हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायची सवय लागते. स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात. आणि हे सगळं थोडक्या वेळात होतं.

धावपटूंकडून रुग्णांकडे

पुढचा टप्पा आम्हा डॉक्टरांसाठी मोठा होता. १९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांचा २० सेकंद जोर आणि १० सेकंद थांबा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिममध्ये 'ताबाता' म्हणतात ते हेच. पण तो प्रकार तंदुरुस्त खेळाडूंसाठी होता, हे जिमवाले सांगायला विसरतात.

२००७ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या उलरिक विस्लोफ आणि सहकाऱ्यांनी तर हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या २७ वयस्क रुग्णांवर अभ्यास केला. काहींना चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा चालवलं. काहींना सलग मध्यम गतीने. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात ४६ टक्के वाढली, दुसऱ्यात १४ टक्के. जगभर खळबळ उडाली. मात्र पुढे अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासात इंटरव्हल पद्धत मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरली नाही, हेही सांगायला हवं. दोन्हींचा फायदा होतो. हृदयरुग्णांनी मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मला जपानचाच दुसरा प्रकार आवडतो. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठाच्या हिरोशी नोसे यांच्या गटाने तो रुजवला. तीन मिनिटं भरभर चालणं, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. एकूण अर्धा तास. त्यांच्या अभ्यासात अशा चालण्याने मध्यमवयीन व वृद्धांच्या मांड्यांची ताकद वाढली आणि रक्तदाब उतरला. मॉर्निंग वॉकला गप्पा मारत एकाच चालीने जाणाऱ्यांनी एवढा बदल करून बघायला हरकत नाही.

आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टींची जास्त काळजी

पहिली गोष्ट ऊन. बॅनिस्टरची दुपार लंडनच्या हिवाळ्यातली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो. मार्च ते जून आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीत धावणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी उमेदवारांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर नियम बदलले आणि आज मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. अंतर कमी झालं, ऊन कमी झालेलं नाही.

दुसरी गोष्ट सिकलसेल. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. आपला जिल्हा याच पट्ट्यात येतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेल्या व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहकाला आजार नसतो, तो सामान्य आयुष्य जगतो आणि खेळूही शकतो. पण अतिश्रम, ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं हे तिन्ही एकत्र आले तर त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तप्रवाह अडवू शकतात.

१९८७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीय वाहकांमध्ये प्रशिक्षणादरम्यान अचानक मृत्यूचं प्रमाण वाहक नसलेल्यांपेक्षा सुमारे २८ पट आढळलं. मृत्यूंची एकूण संख्या कमी होती, पण फरक मोठा होता. मग सैन्याने सगळ्यांसाठीच पाणी, उन्हाचं भान आणि काम-विश्रांतीचं वेळापत्रक सक्तीचं केलं. २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. स्नायूंची मोडतोड होण्याचा धोका मात्र काहीसा जास्त राहिला. ज्याने जीव वाचले त्यात विसावाही होता, हे लक्षात ठेवा.

म्हणून भरतीची तयारी सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. वाहक निघालात तर घाबरू नका, लपवूही नका. तुमच्या सोबत्यांना ते माहीत असू द्या.

मग मैदानावर काय करायचं?

- सुरुवातीला १०-१५ मिनिटं हळू पळून अंग गरम करा.
- तुमचं लक्ष्य चारने भागा. १६०० मीटर ६ मिनिटांत हवं असेल तर एका फेरीला ९० सेकंद. त्याच वेगाने ४०० मीटरची एक फेरी मारा, त्याहून जोरात नाही.
- मग दोन ते तीन मिनिटं चाला. बसू नका. १५ सेकंद नाडी मोजा. ३० ठोके किंवा कमी असतील तरच पुढची फेरी.
- पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या पुरेत. हळूहळू सहा, मग आठ. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळेत झाली तर सराव बरोबर. ती पाच-सात सेकंदांनी मागे पडली तर त्या दिवशी तिथेच थांबा.
- हे आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या सावकाश पळा. एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण १६०० मीटरची परीक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा.
- उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत संपवा. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झालं असेल तर त्या दिवशी पळू नका.

पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सोबतचा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगभर थंड पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघत थंड करणं थांबवू नका. आणि कोणी 'पायातली ताकदच गेली' म्हणून खाली बसला तर त्याला 'ऊठ, नाटकं करू नको' म्हणू नका. तो वाहक असू शकतो. त्याचा व्यायाम तिथेच बंद करा आणि त्याला दवाखान्यात न्या.

पहाटे त्या ग्राउंडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादा मुलगा चालताना दिसला की बाजूचे ओरडतात, "दमला का बे?" यापुढे तुम्ही तिथे असाल तर त्यांना थांबवा. तो दमलेला नाही, नाडी मोजतोय. त्याचा सराव चालू आहे.